एक जूनची माणसं

सर, आज सकाळी नातीने मला तिच्या संगणकावर आकड्यांची एक लांबलचक उतरंड दाखवली आणि या वयात मला पुन्हा बाकावर उभं केल्यासारखं झालं. ती इथेच नोएडात एका कंपनीत माहितीचं विश्लेषण करते. म्हणजे नेमकं काय करते ते मला पुरतं कळत नाही, पण आठवड्यातले दोन दिवस घरून काम असतं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसते आणि वैतागली की मला हाक मारते. "आजोबा, हे बघा ना यार, क्लायंटने फाइल पाठवली आणि सगळ्या डेट्सचे नंबर होऊन बसलेत." मी चष्मा लावून वाकलो. चव्वेचाळीस हजार अमुक, चव्वेचाळीस हजार तमुक. पाच-पाच आकडी संख्या, एकीखाली एक. मला त्या ओळखीच्या होत्या. तिला वाटलं, म्हाताऱ्याला काही समजलं नसणार, म्हणून ती समजावायला लागली, की मशीनला तारीख कळत नाही, ते कुठला तरी एक दिवस शून्य धरतं आणि तिथून पुढे नुसते दिवस मोजत जातं. तो पहिला दिवस सांगितला की आकड्यांच्या पुन्हा तारखा होतात. मी म्हटलं, "म्हणजे आरंभ." ती म्हणाली, "आरंभ म्हणजे स्टार्ट ना? हां, तेच. ओरिजिन म्हणतात." मग तिने एक ओळ लिहिली आणि थांबली. मी विचारलं, थांबलीस का? "ओरिजिन कुठला ते विचारते ना. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचा वेगळा असतो. चुकीचा धरला तरी तारखा एकदम छान दिसतात, पण सगळा कचरा." कोणाला विचारणार? "ज्याने फाइल पाठवली त्याला. एक फोन, बस." आणि तिने फोन लावला. दोन मिनिटांत काम संपलं. मी आतल्या खोलीत येऊन बसलो, तो अजून इथेच बसलोय.

सहावीत होतो. करोलबागेतून चालत शाळेत यायचो. तुम्ही नागपूरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावाहून दिल्लीला येऊन तीन-चारच वर्षं झाली असतील. मराठी शिकवायचात, आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले की गणितसुद्धा. कवितेच्या तासाला तुम्ही पुस्तक उघडायचा नाहीत. टेबलावर आधी ठेका धरायचात, लघूला एक बोट, गुरूला सबंध तळवा, आणि आम्ही चाळीस पोरं त्या ठेक्यावर य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-ग म्हणत डोलायचो. बाहेर सगळी दिल्ली हिंदीत चाललेली, आणि त्या एका खोलीत तीन-तीन अक्षरांचे गण पडताहेत. मी त्या आवाजावर अक्षरशः भाळलो होतो. आजही फिरायला गेलो की पावलं आपोआप लघु-गुरू पडतात.

एकदा तुम्ही मला फळ्याशी बोलावलंत आणि एक ओळ लिहून वृत्त ओळखायला सांगितलंत. मी पाडले गण, भराभर पाडले, एकही लघु-गुरू चुकला नाही. आणि जे वृत्त निघालं ते जगात नव्हतं. तुम्ही मागे हात बांधून बराच वेळ फळ्याकडे बघत राहिलात. "वा रे वा! नवीन वृत्त शोधलंस तू. आता त्याला तुझंच नाव देऊ." वर्ग हसला. "काहून रे, मोजायला कुठून बसलास?" मी ओळीचं पहिलं अक्षर सोडून दुसऱ्यापासून मोजत आलो होतो. पहिल्या अक्षरावर खडूचा डाग होता, मला ते दिसलंच नव्हतं. "तुझी मोजणी बरोबर आहे, ध्यानात घे," तुम्ही म्हणालात, "म्हणून तर कोणाला कळणार नाही. पहिलं अक्षर चुकलं की पुढचं सगळं नीटनेटकं चुकतं." आणि तासभर बाकावर उभं केलंत. मला राग आला होता. खरं तर त्या रागावरच मी पुढे आकड्यांच्या धंद्यात पडलो असेन. शनिवारी मात्र तुम्हीच घरी घेऊन गेलात. शाळेच्या आवारातल्या तुमच्या त्या दोन खोल्या. स्वयंपाकघरात काकू ज्वारीची भाकरी थापताहेत, ज्वारी गावाहून गाडीने आलेली, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिला टेकवून ठेवलेलं गजराचं घड्याळ. काकू म्हणतात, "ह्यांनी उभं केलं होतं का तुला? मलापण करतात. मीठ जास्त झालं की करतात." तुम्ही हसताय. जेवण झाल्यावर तुम्ही मला तुमची वृत्तांची वही दिलीत, हाताने रेघा मारलेली. परत नेऊन द्यायची होती. दिली नाही. अजून आहे.

त्याच स्वयंपाकघरात मला एक जूनची गोष्ट कळली. मी माझ्या वाढदिवसाबद्दल काहीतरी बोललो. आमच्याकडे पत्रिका होती, लाल फडक्यात गुंडाळलेली, तिच्यात माझ्या जन्माची घटका आणि पळंसुद्धा लिहिलेली. मी ते जरा मिरवतच सांगितलं असणार. तुम्ही म्हणालात, "आमच्या वस्तीत कोण लिहून ठेवतो बापा? आई म्हणायची, नदीला पूर आला तेव्हा पाळण्यात होतास. शाळेत घालायला नेलं तर हेडमास्तरांनी वर केला माझा हात, डोक्यावरून कान धरता येतो का बघितलं, आणि लिहिली तारीख. एक जून. जूनमध्ये शाळा उघडते ना. त्या दिवशी आलेली सगळीच पोरं एक जूनची." काकू म्हणाल्या, "मीपण एक जूनची." तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे अर्धा तालुका एक जूनचा." मी खूप हसलो. बारा वर्षांच्या मुलाला ते हसण्यासारखंच वाटलं.

मग मधली वर्षं सोडून देतो. देशाचे दरवाजे उघडले म्हणतात त्या दिवसांत मी सरकारी नोकरी सोडून नोएडात दोन खोल्यांची संगणकाची कंपनी काढली. खाली कपडे शिवायचा कारखाना, वर आम्ही, वीज गेली की जनरेटरच्या धुरात खोकत बसायचो. पण काय गुर्मी होती! यमुनेच्या पलीकडे नवे सेक्टर, नवे फ्लॅट, रोज कोणीतरी नवीन गाडी बघायला गेलेला. आमचं काम म्हणजे जुन्या वह्या, रजिस्टरं संगणकात घालणं आणि त्यातून पाहिजे ते कागद काढून देणं. शाळेचं काम मीच मागून घेतलं. आपली शाळा, म्हटलं, आणि संस्थेचे नवे चिटणीस आधुनिक होते, त्यांना सगळं 'कंप्यूटराइज्ड' हवं होतं. शिक्षकांची यादी आयती मिळाली. स्मरणिकेसाठी पहाडगंजच्या एका छापखान्यात ती टाइप झालेली होती. छापखान्याचा संगणक वेगळ्या बनावटीचा. त्यातून आमच्याकडे येताना जन्मतारखांच्या पाच आकडी संख्या होऊन आल्या. मी त्या बघितल्या, ओळखलं की हे दिवस आहेत, आणि मोजणी एकोणीसशे सालापासून धरली, कारण आमच्या यंत्रात ती तशीच असायची. छापखान्याच्या यंत्रात ती एकोणीसशे चारपासून होती. मी विचारलं नाही. तारखा उमटल्या. एकदम छान दिसत होत्या.

तुमचा आकडा होता बारा हजार पाचशे सत्तर. चारपासून मोजलं तर अडतीस सालचा एक जून. एकोणीसशेपासून मोजलं तर चौतीस सालचा एकतीस मे. चार वर्षं आणि एक दिवस. तो वरचा दिवस कसा आला ते मला पुढे कळलं. आमच्या यंत्राच्या मोजणीत एकोणीसशे सालच्या फेब्रुवारीला एकोणतिसावा दिवस धरलेला आहे. तो दिवस कधी उगवलाच नव्हता. कोणीतरी कधीतरी चूक केली आणि मग सगळ्यांनी तीच चालू ठेवली. तुम्हाला हे ऐकवलं असतं तर तुम्ही त्यावर पूर्ण तास घेतला असतात.

आणि तो जास्तीचा दिवसच वैरी निघाला. नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एक जूनचा माणूस एकतीस मेला घरी जातो, आणि एकतीस मेचा माणूसही एकतीस मेलाच. दिवस जुळला. कोणाला खटकलं नाही. फक्त साल चार वर्षं अलीकडे आलं. एप्रिलमध्ये संस्थेने तुम्हाला पत्र दिलं. तुम्ही कचेरीत गेलात तेव्हा कारकुनाने रजिस्टर उघडायचीही तसदी घेतली नाही. "मास्टरजी, कंप्यूटर से निकला है," म्हणाला. चिटणीसांना घाई होती. तुमच्या मराठीच्या तासाच्या जागी त्यांना संगणकाचा तास ठेवायचा होता. ती यंत्रंही मीच पुरवली, सर. तेही लिहून टाकतो.

तुम्ही नोएडाला आलात त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. दोन बस बदलून आलेले, हातात काळी छत्री, पिशवीत काकूंनी दिलेला चिवडा. तुम्ही आधी खोली बघितलीत, यंत्रांना हात लावून बघितलात. "थंड हवा यंत्रासाठी आहे की तुझ्यासाठी?" मी म्हटलं, यंत्रासाठी. "मग आम्ही मास्तर लोक उगाच तापलो इतकी वर्षं." खुर्चीत बसलात आणि घडी घातलेलं ते पत्र माझ्यापुढे ठेवलंत.

"मला वाटत होतं अडतीस. हे चौतीस म्हणतात. तुझं यंत्र काय म्हणतं?"

मी यादी काढली. बोट ठेवून दाखवलं. चौतीस, एकतीस मे.

"एकतीस मे?" तुम्ही हसलात. "हेडमास्तरांनी तर एक जून दिली होती. तुझ्या यंत्राने आमची जातच बदलली म्हणायची."

मीही हसलो. यादीचं पान उलटलं, एकदा खालपर्यंत बघितलं, मिटलं आणि चहा मागवला.

"तशी आई म्हणायची," तुम्ही म्हणालात, "की तू लिहिलंय त्याच्या आधीचा असशील दोन-चार वर्षं. कोण जाणे. पूर तर दर वर्षीच यायचा." मग आवाज खाली आणून: "भांडता येईल. पण आमच्यासारख्याने तारखेसाठी भांडायचं म्हणजे लोकांना कारण आधीच ठाऊक असतं. वय चोरलं म्हणतील. आताच एकजण म्हणाला स्टाफरूममध्ये, हसत हसत." तुम्ही चहाच्या कपाकडे बघत होतात. "माझा शाळेचा दाखला आहे, ट्रंकेत. काढू का?"

आणि मी म्हणालो, "कशाला, सर? यंत्रात आहे ना सगळं."

हे वाक्य मी गेली तीस-बत्तीस वर्षं उलटसुलट म्हणून बघितलंय. लघु-गुरू पाडून बघितलेत. कुठेही अडखळत नाही ते, सरळ जातं. तुम्ही मान डोलावलीत. "तू मोजलंयस म्हणजे बरोबरच असणार," म्हणालात. पाठीवर हात ठेवलात, जिना उतरलात. मी खिडकीतून बघत होतो. बस थांब्यावर सावली नव्हती. तुम्ही छत्री उघडून उभे होतात.

निरोप समारंभाला मी भाषण केलं. चांगलं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या ठेक्याची आठवण सांगितली, टेबलावर वाजवूनही दाखवला. बाकावर उभं केल्याचं सांगितलं तेव्हा सगळे हसले, तुम्हीही. जूनमध्ये तुम्ही शाळेचं बिऱ्हाड सोडलंत आणि लेकीकडे, यमुनेपार, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला गेलात. ऑगस्टमध्ये मी काही कामासाठी ती यादी पुन्हा काढली आणि माझ्या लक्षात आलं, की अठ्ठावीस शिक्षकांत एकतीस मेला जन्मलेले पाच आहेत, आणि एक जूनचा एकही नाही. पाचही विदर्भ-मराठवाड्यातले. दुसऱ्या कोणाच्या, हिंदी किंवा पंजाबी माणसाच्या हातात ती यादी असती तर त्याला काय कळणार होतं? पण मला कळायला हवं होतं. एक जूनची माणसं अशी एकदम नाहीशी होत नाहीत. मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी खाल्ली होती. मी छापखान्याला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "हमारे यहाँ तो सन चार से गिनती होती है जी. आपने पूछा ही नहीं."

मी प्रत्येक आकड्यात चौदाशे बासष्ट मिळवले. एक ओळ लिहिली. सगळी एक जूनची माणसं परत आली. यादीतल्या बाकी कोणालाही काही झालं नव्हतं, ते तरुण होते. 'सुधारित प्रत' असं लिहून शाळेला पाठवून दिली, आणि त्या दोन शब्दांपलीकडे कोणालाही काही सांगितलं नाही. तुमच्या जागी कोणी कायम नेमलेलंही नव्हतं अजून. पण गुडगावच्या एका मोठ्या कारखान्याचं हजेरीचं काम मला मिळायच्या बेतात होतं. दिवस मोजायचंच काम ते. ज्याला दिवस मोजता येत नाहीत असं कळलं असतं, त्याला कोण देणार होतं? मिळालं काम. पुढे मानेसरचीही मिळाली. हा फ्लॅट त्यातलाच.

तुमच्यावर रागही आहे माझा, सर. तुम्ही पूर्ण आयुष्य पोरांना दरडावत आलात, कुठून मोजलंस, कुठून मोजलंस, आणि स्वतःच्या वेळी विचारलं नाहीत. माझ्या पत्रिकेत पळंसुद्धा लिहिलेली होती. तुमच्याजवळ हेडमास्तरांनी एका फटकाऱ्यात दिलेली एक तारीख होती, तेवढीच, आणि तीही तुम्ही माझ्या हातात काढून दिलीत. फळ्यावरच्या त्या ओळीसाठी जसे चिडला होतात तसे चिडला असतात तर मी तिथल्या तिथे कबूल झालो असतो. मला तशीच सवय होती. तुम्ही पाठीवर हात ठेवलात.

पुढे दोन-तीनदा आलो तुमच्याकडे. तुम्ही शेजारच्या मुलांना गणित शिकवत होतात, हिंदीतून. मी विचारलं, मराठीचं काय? "इथे कोण शिकतं? नातवाला शिकवतो थोडं. तो गण पाडताना 'चलो नेक्स्ट' म्हणतो." त्यानंतरच्या डिसेंबरात, धुक्याच्या दिवसांत, निगमबोधच्या स्मशानात पोचायला मला उशीर झाला. निवृत्तीच्या दिवसापासून तुम्ही बाराशे ब्याण्णव दिवस जगलात. हे मी हाताने मोजलंय, यंत्राशिवाय. खरी तारीख धरली असती तर तुम्ही आणखी चौदाशे एकसष्ट दिवस वर्गात असतात. म्हणजे तुम्ही खुर्चीतून, त्या ठेक्यातूनच गेला असतात, आणि तरी एकशे एकोणसत्तर दिवस उरले असते. मी नेले ते तुमचे सगळेच दिवस होते.

काकूंना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "लेक म्हणत होती कोर्टात जा बाबा, दाखला आहे आपल्याकडे. ऐकलं नाही ह्यांनी. म्हणाले, माझ्या विद्यार्थ्याने मोजलंय." त्या टोमणा मारत होत्या की नुसतं सांगत होत्या, मला कळलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही. मी चहा संपवला. साखर नव्हती त्यात. मी मागितली नाही.

हे पत्र कुठे टाकणार? वहीत ठेवतो, तुमच्याच. मघाशी नात आत डोकावली होती. "आजोबा, जेवायला चला, काय लिहिताय इतकं?" म्हटलं, हिशेब जुळत नाहीये. "ओरिजिन चेक केलात का?" म्हणाली आणि हसत गेली.

म्हणून वर एक दुरुस्ती करतो, सर. ऑगस्ट लिहिलंय, ते खरं नाही. ऑगस्टमध्ये मी फक्त चौदाशे बासष्ट मिळवले. पाच एकतीस मे मी त्या दुपारीच बघितले होते, पान उलटलं तेव्हा, आणि म्हणून चहा मागवला होता. छापखान्याला फोनही तेव्हाच केला, तुम्ही जिना उतरत होतात तेव्हा. "आपने पूछा ही नहीं," तो म्हणाला, त्या वेळी मी रिसीव्हर कानाला लावून खिडकीत उभा होतो आणि खाली थांब्यावर तुमची छत्री दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तुमची बस यायला खूप वेळ लागला.